पूर्णा स्टेशनवरची वाइन

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. आज ही गोष्ट ऐकून कुणी त्याचं आडनाव विचारलं, की डोकं फिरतं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, ती वर्षं. पूर्णा स्टेशनवर मी परभणीच्या गाडीची वाट पाहत होतो. बाकावर शेजारी तो, मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बाटली. नाशिकहून द्राक्षाच्या काड्या आणून त्यानं कापसाच्या रानात लावल्या होत्या. गाव हसलं. वाइनचा परवाना मागायला गेला, तर कचेरीतला साहेब म्हणाला, "परभणीत कुठं द्राक्षं होतात का?" तरी यानं वेल मांडवावर चढवले आणि घरीच वाइन केली. बोलताना तो बाटलीवर हलकेच थापटत होता, लेकराला झोपवावं तसा.

समोर एक पटकेवाले गृहस्थ बसले होते. त्यानं स्टीलच्या गिलासात घोटभर ओतून त्यांच्यापुढं धरली. "नाव-गाव मागून इचारा. आधी चव सांगा."

गृहस्थांनी ती जिभेवर घोळवली. "लय मस्त हाय की!" म्हणत आणखी मागून घेतली. आणि मग विचारलंच, "कोणाचे तुमी? घर कुठल्या गल्लीत?"

"भीमनगरात."

गृहस्थ रुळांवर पचकन थुंकले. गिलास त्यांनी बाकाखाली भिरकावला.

मी मुठी आवळून उठलो. त्यानं मला हातानं थांबवलं, गिलास उचलला, नळावर नेला आणि माती लावून खसाखसा घासला.

"बसा साहेब," सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "ह्यांचं तोंड लागलं. गिलास बाटलाय माझा."