उलट्या लागलेल्या दोन वायरी

मांडवात माइक शिट्टी मारू लागला की बोईसरच्या पुंडलिकला एकच औषध ठाऊक होतं. स्पीकरची पेटी लांब न्यायची आणि तिचं तोंड फिरवायचं. लाऊडस्पीकरच्या धंद्यात दहा वर्षं त्याचं तेवढ्यावर भागलं. एकोणऐंशी सालच्या वैशाखात, मासवणला मंगळ्याच्या मुलीच्या लग्नात, पेटी पार शेताच्या बांधापर्यंत पोचली तरी किंचाळायची थांबेना.

माइकपुढे भागीआजी ताटकळत बसली होती. गाणी म्हणून लग्न लावणारी ती धवलेरी. वयामुळे तिचा आवाज बसला होता. मागच्या दोन लग्नांत पार टोकाला बसलेल्या बायकांना काही ऐकूच गेलं नाही, त्यांनी तिच्यामागून म्हणायला ओळ उचललीच नाही. आता दुसरी धवलेरी आणायची कुजबुज सुरू होती, म्हणून आजीनेच पुंडलिकला बोलावलं होतं.

पुंडलिकने माइक उपटून टाकला. तरी किंचाळी चालूच! म्हणजे चोर घरातच होता, त्याने स्वतः जुळवलेल्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये.

बाहेर जाणाऱ्या आवाजाचा थोडा हिस्सा उलटा करून मागे फिरवला की आवाजातली चूक कापली जाते. यालाच फीडबॅक म्हणतात, आणि तो त्याने मोठ्या हौसेने बसवला होता. वीज बंद करून त्याने ती वायरच तोडली. किंचाळी गेली, तसा त्याने माइक परत लावला. आजीने एक ओळ म्हटली आणि मान हलवली.

"आवाज मोटा झाला, भाऊ, पन सबूद रेंगाळतात. देवांची नावं नाय कळली तर लगीन कसं लागंल?"

म्हातारीचा कान पक्का होता. फीडबॅकचा लगाम सुटला की शब्द संपला तरी स्पीकरचा कागद थरथरत राहतो.

तेव्हा कुठे पुंडलिकला आठवलं. आवाज स्पीकरकडे पाठवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याने कालच नवा गुंडाळून बसवला होता! त्याच्या स्पीकरकडच्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या, आणि फीडबॅक चुकीला दटावायचा सोडून शाबासकी देत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतका वेळ हा शहाणा पेटी घेऊन शेतभर हिंडत होता.

वायरींची अदलाबदल केली, तोडलेली वायर जोडली, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पेटी गप्प होती.

भागीआजी गायली. एकेक नाव सुटं, स्वच्छ. पुंडलिकचा जीव भांड्यात पडला, तो तिथेच मातीत बसला. आजी मात्र ओळ संपवून थांबली, बांधाकडे कान लावून.

बांधाजवळ, पार टोकाला बसलेल्या बायकांनी ओळ उचलली.