मुक्ताची फुगडी

ये गं, अशी जवळ सरक. लांबून वाचायची गोष्ट नाही ही. आणि आधी बोलणी खा माझी — भाची म्हणवतेस आणि सणाला नाही, सुट्टीला नाही, फोन केला तर "कामात हाय मावशी". कामं काय मला नाहीत? नांदेडात विद्यापीठाच्या मागं मुलींची मेस चालवते मी, वर त्यांच्या राहायच्या खोल्या, दोन्ही वेळच्या भाकरी थापून हात मोडून येतात. तरी बसलेच ना तुझ्यासाठी लिहायला? तर ऐक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढंसुद्धा हात जोडले की तेवढं सोडून बाकीचं सगळं बोलते.

पण थांब, आधी मजेचं सांगू दे. मजा होतीच ना! मजा नसती तर हे घडलंच नसतं.

काही वर्षांमागची गोष्ट. पोरी बघ तेव्हाच्या आमच्या. कॉलेजातनं आल्या की पलंगावर आडव्या, फोन नाकाशी. जिना चढला तरी धाप लागायची. विसाव्या वर्षी गुडघे दुखून राहिलेत म्हणायच्या, मेल्या! मग विद्यापीठाच्या खेळाच्या सरांनी एक शक्कल काढली. टोळ्या करायच्या, रोज मैदानी खेळ खेळायचा आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा. खेळाचे गुण वेगळे, लोकांना आवडला तर त्याचे वेगळे. पोरं जिमला लागली. आमच्या पोरी म्हणाल्या, आम्हाला काय येतंय? मी म्हटलं, लंगडी येत न्हाई? लगोरी? फुगडी? उठा!

बाई गं, काय ते दिवस! मेसच्या गच्चीवर संध्याकाळी नुसता धिंगाणा. टोळीचं नाव ठेवलं 'भाकरी एक्सप्रेस'. मी साडी खोचून लंगडी घालायची, पोरी हसून हसून खाली बसायच्या. मुलांच्या हॉस्टेलवरनं ओरडायचे, "मावशी, पाय मोडंल!" मी म्हणायची, "तुमचा जोर बघू की, उतरा खाली!" औश्यापासून देवणीपर्यंत लोक आमचे व्हिडिओ बघून राहिले. माझी चुलत बहीण लातूरहून फोन करून म्हणाली, "तू तर हिरोईन झालीस गं." मला सांग, साठीच्या बाईला हिरोईन म्हटल्यावर काय होतं? डोक्यात जातं. माझ्या गेलं.

व्हिडिओ काढायची तरन्नुम. मुखेडची, बाप शिंपीकाम करतो. चुणचुणीत पोरगी. टोळीचं व्हिडिओ टाकायचं पान तिनं माझ्याच फोनवर उघडलं होतं, कारण माझ्या फोनचा कॅमेरा चांगला, लेकानं दिलेला; तिच्या फोनवरनंही ते चालायचं. आणि मला ती रोज शिकवायची — हे दाबा, हे असं कापा, आता इथं बोट ठेवा. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले. पण तरन्नुमनं शिकवलेलं सगळं आलं मला. आलं होतं — हे लक्षात ठेव. बाकीच्या पोरींना वाटायचं मावशीला काय कळतंय फोनमधलं. मीही तसंच वाटू द्यायची. गंमत म्हणून.

मुक्ता तरन्नुमच्या खोलीतली. देवणीकडची, घरी शेती. तिची आई त्या वर्षी वारली. पोरगी परत आली ती अर्धीच. अर्धी भाकरी खायची, गच्चीवर आली तर टाकीच्या कडेला बसून नुसती बघायची. आम्हीही ओढायचो नाही. पण एक दिवस तरन्नुमनं तिचे हात धरलेच. "चल गं, एकच फुगडी." मुक्ता न्हाई न्हाई म्हणत उठली. पाय जुळवले, मागं झुकल्या, आणि सुटल्या की गं गरागरा! फोन धरला होता दुसऱ्या एका पोरीनं. मुक्ताची वेणी सुटली, ओढणी उडाली, आणि ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. असं हसू मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

मग ती धापा टाकत माझ्याकडं आली. म्हणाली, "मावशी, हे टाकू देऊ नका. घरी अजून आईचं वर्ष झालं न्हाई." कळतं ना तुला? वर्षभर त्यांच्या घरात सण नाही, गोडधोड नाही, लग्नाला जाणं नाही. तरन्नुम म्हणाली, "मावशी, राहू द्या तसंच. मी मुक्ताला कापून काढते, मग बघू." मी म्हटलं, "हाव गं, न्हाई टाकू देत."

दुसऱ्या दिवशी स्पर्धा संपायची होती. मुलांची टोळी पुढं होती — थोडीशीच. दुपारी पोरी कॉलेजात, चुलीवर वरण, आणि मी ओट्याला टेकून तो व्हिडिओ परत परत बघून राहिले. किती छान! हा गेला तर आपण जिंकलो, नक्की जिंकलो. देवणीच्या खेड्यात कोण बघतंय? आणि बघितलं तरी लेकरू हसलं यात वाईट काय? असं मी मनाला सांगितलं. मन लगेच हो म्हणालं. बोट ठेवलं. गेला.

जिंकलो आम्ही. तुफान चालला तो.

आणि मुक्ताच्या चुलतीनं तो तिच्या बापाला दाखवला. बापानं फोन केला, एवढंच विचारलं — "तुझी आई गेलीय, हे तुला कळलंय ना?" आणि ठेवला.

मुक्ता खाली स्वयंपाकघरात आली. माझे हात पिठात. "मावशी, कुणी टाकला?" ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू विचारलं तिनं. आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "मला कुठं येतंय बाई ते टाकायला? तरन्नुमला विचार."

हेच ते. हेच सांगायचं होतं.

तरन्नुम शपथा घेऊन राहिली, "मी न्हाई टाकला गं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी परात उचलली आणि मोरीत गेले. कुणालाच शंका आली नाही — अडाणी बाई मी! मुक्तानं खोली बदलली. त्या दोघी एका ताटात जेवायच्या, पुन्हा बोलल्या नाहीत. वर्षश्राद्धाला मुक्ता गावी गेली तर चुलतीनं पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, "आज फुगडी न्हाई का घालायची?" आणि मी? मी स्टेजवर शाल-नारळ घेतला. माइकवर बोलले, "माझ्या पोरींची कमाल!" टाळ्या वाजवायला तरन्नुम आली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प राहिले असते, खरं सांगते. पण गेल्या महिन्यात तरन्नुम भेटायला आली. लातूरला लॅबमध्ये नोकरीला आहे आता. चहा पिता पिता म्हणाली, "मावशी, मी लई विचार केला. तेव्हा माझ्याच हातनं चुकून गेला असंल तो व्हिडिओ. मुक्ताचं मन मी मोडलं." डोळ्यांत पाणी. इतकी वर्षं बसून बसून तिनं माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती, खरी मानली होती. आणि मी — ऐकतेस ना? — मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे बेटा, होतं असं." मी तिला माफ केलं!

इथवर लिहिलं आणि उठले. तरन्नुमला फोन लावला. सांगितलं, "तुझा हात न्हाई लागला. मी टाकला, आणि तुझं नाव मी घेतलं." पलीकडं कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. मग ती म्हणाली, "मुक्ताला सांगितलं?" मी म्हटलं, "न्हाई अजून." म्हणाली, "मग मला काय सांगता?" आणि ठेवला.

मग मुक्ताला लावला. तिनं सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, "तरन्नुमचा नंबर द्या." दिला. 'ये गं एकदा मेसवर' असं तोंडाशी आलं होतं माझ्या. पण म्हटलं नाही. तिला बोलवायला मला तोंड नाही. माफी तिनं दिली नाही, मीही मागितली नाही.

तुला मात्र म्हणते. ये. गच्चीवर अजून पोरी लगोरी फोडून राहिल्यात, गलका रस्त्यापर्यंत जातो. आता मी कशी आहे ते तुला ठाऊक झालं. तरी यावंसं वाटलं तर लवकर ये.