भट्टीवरच्या सासूबाई

माझ्या सासूबाई पवनचक्कीची पाती करणाऱ्या कारखान्यात भट्टी सांभाळायच्या आणि मी तिथेच संगणकावर त्या भट्टीचं गणित मांडायचे. घरात त्यांचं राज्य, कामावरही त्यांचंच. माणसानं जायचं तरी कुठे?

काम असं: काचेच्या कापडाचे थर रचायचे, त्यांत राळ मुरवायची आणि भट्टीत पक्कं करायचं. जाड तुकड्यात मेख अशी, की राळ पक्की होताना स्वतःच तापते आणि मधली उष्णता बाहेर निघत नाही. वरून झकास, आत करपलेलं! सव्वीस वर्षांत सासूबाईंचा असा एकच तुकडा करपला होता. त्याची कापलेली चकती आमच्या स्वयंपाकघरात गरम पातेल्याखाली असायची, मधोमध तपकिरी आणि तडा गेलेली. तिच्याबद्दल विचारलं की त्या लगेच भाजी ढवळायला लागायच्या.

शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. गुरुवारी शेवटचा तुकडा, साठ मिलिमीटर जाड. "जाताना हा तेवढा नीट निघू दे," एवढंच आठवडाभर चाललं होतं.

माझं गणित म्हणालं, ऐंशी अंशांवर चाळीस मिनिटं थांबा, मग बिनधास्त वाढवा. बुधवारी सकाळी चहासोबत मी आलेख मिरवला. त्यांनी चष्मा लावला.

"हा तीस मिलिमीटरचा आहे."

"आई, संगणक चुकत नाही."

"संगणक नाही गं. तू."

मला असा राग आला! तरातरा कामावर गेले, फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. तुकडा वरून-खालून सारखाच तापतो, म्हणून गणितात निम्माच घेतात. ते निम्मे तीस मी पूर्ण जाडी म्हणून भरले होते. खरं उत्तर अडीच तास निघालं. चाळीस मिनिटांत वाढवलं असतं तर त्यांच्या शेवटच्या तुकड्याचा कोळसाच झाला असता.

तापमान मोजायची तार सासूबाईंनी स्वतः मधल्या थरात घातली होती. गुरुवारी आम्ही दोघी आकड्याकडे टक लावून बसलो. एकशे चौतीसला तो थांबला आणि उतरू लागला. माझा नवा आलेख जास्तीत जास्त एकशे छत्तीस म्हणत होता.

शुक्रवारी तुकडा कापला. आरपार एकसारखा, फिकट हिरवा. सासूबाई भट्टीसमोर चक्क नाचल्या, हातमोज्यांसकट.

त्याची चकती घरी पातेल्याखाली गेली. जुनी त्यांनी घासूनपुसून माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली.

"टेबलावर ठेव. पहिल्या वर्षी भट्टीच्या वेळांच्या तक्त्यात मीसुद्धा निम्मीच जाडी बघितली होती."