सतराचं ॲव्हरेज

ताडकळसच्या शाळेवरचे धम्मदीप सर रोज संध्याकाळी गाडीनं परभणीला घरी परततात. कंपनी लिटरला चोवीस किलोमीटर सांगते, त्यांची गाडी सतराच देते. त्या दिवशी कारण शोधायला त्यांनी मेकॅनिकला शेजारी बसवलं. रस्त्यात कुणी हात केला की सर थांबून त्याला सामानासकट गाडीत घ्यायचे.

"सर, दोष गाडीत न्हाई," मेकॅनिक हसला. "सारखं थांबायलात, गाठोडी भरायलात. हे बंद करा, ॲव्हरेज वाढंल."

मागं बसलेल्या मालनबाई घाबरल्या. "मंग मी डायलिसिसला कशी जाऊ, लेकरा? या वक्ताला यष्टी न्हाई."

"मावशी," सर म्हणाले, "असाच हात करून मी कॉलेज शिकलो. कुणीतरी थांबलंच की! सतरा लय झालं."

पुढच्या फाट्यावर पुन्हा हात दिसला. सरांनी ब्रेक दाबला. मेकॅनिकनं चढणाऱ्याचं गाठोडं मांडीवर घेतलं.