बाहेर जाणारी पावलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रजया उन्हात टाकणं. दिल्लीत आर. के. पुरमला मुलाच्या सरकारी क्वार्टरची गच्ची, दिवाळीआधीचं ऊन. ही म्हणाली, "अहो, टोक नीट धरा की! जन्मभर फौजेचा ट्रक चालवलात, अन् रजई धरता येईना." मी म्हणालो, "ट्रक वळवला तिकडे वळतो. तू वळतेस का?" हसली. संध्याकाळी हिच्या छातीत कळ आली... रजया गच्चीवरच राहिल्या.

मी चौथी शिकलेला माणूस. भूत, भानामती, अंगात येणं — गावाकडे असलं सांगणाऱ्यांना मी तोंडावर खोटारडे म्हणत आलो. आज मला कोणी म्हणालं तर म्हणू दे.

ही रोज दारासमोर, जिन्याच्या फरशीवर रांगोळी काढायची. सून अनघा नोएडाला वेबसाइट बनवायच्या कंपनीत आहे. तिनं हिच्या रांगोळ्यांचं इंटरनेटवर एक पान केलं होतं. वर हिनं तोंडी सांगितलेलं लिहिलेलं — ठिपके किती, रंग कुठला — आणि खाली एक चौकट, तिच्यात आमच्याच दाराचं अन् जिन्याचं चित्र. वरचे शब्द आपोआप चौकटीत जायचे आणि आत रांगोळी उमटायची, कोणी चिमटीनं सोडल्यासारखी हळूहळू. मी विचारलं होतं, "या चौकटीला कळतं कसं?"

"काही कळत नाही, बाबा," अनघा म्हणाली. "वर जे लिहिलंय तेच ती खाली काढते. बस, इतकंच."

हिचं तेरावं झालं. घरातलं माणूस गेलं की आमच्यात वर्षभर दारात रांगोळी नाही. पण नात चिऊ, सहा वर्षांची, आजीची रांगोळी पाहिजे म्हणून हटून बसली. शेवटी अनघानं लॅपटॉपवर ते पान उघडलं. लक्ष्मीची पावलं. वर हिचेच शब्द होते — पावलं बाहेरून आत काढायची, नेहमी आत.

चिऊ म्हणाली, "आबा, ये तो उलटी जा रही हैं."

खरंच. पावलं दारातून निघून जिन्याकडे चालली होती. अनघानं पान बंद करून पुन्हा उघडलं. तेच. "अरे यार, बग असेल काहीतरी," असं पुटपुटली, पण कपाळावर आठी आली तिच्या.

त्याच संध्याकाळी चिऊला ताप भरला. डेंग्यू निघाला, ॲडमिट केलं. मुलगा सरकारी कामानं गुवाहाटीला. डॉक्टर म्हणाले, "प्लेटलेट गिर रहे हैं, बाबूजी. आज का दिन थोड़ा भारी है." अनघा तिच्याजवळ बसली, मी दुपारी कपडे न्यायला घरी आलो.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. मी हात लावला नव्हता... पान आपलं समोर. चौकटीत आता पावलांच्या दोन जोड्या होत्या. मोठ्या जोडीच्या उजव्या पावलाला चारच बोटं. हिची उजव्या पायाची करंगळी लहानपणीच दगडाखाली सापडून गेली होती. हे त्या पानावर कुणी लिहिलं नव्हतं. लिहिणार कोण? शेजारची जोडी बारकी होती. पोराची. मोठीच्या बरोबरीनं चालल्यासारखी... बाहेर.

मी अनघाला फोन लावला. ती रडकुंडीला आलेली. "बाबा, प्लीज, आत्ता नको हे."

"पूस ते सगळं. आत्ताच्या आत्ता."

तिनं तिथून फोनवरूनच पुसलं. म्हणाली, "एक अक्षर ठेवलं नाही. आता पुन्हा उघडा." तिनं शिकवलं होतं तसं मी उघडलं. वर पान कोरं पांढरं. खाली पावलं उमटायला लागली. मघापेक्षा एक पाऊल पुढं. बारकं पाऊल पहिल्या पायरीच्या कडेला.

मी मोठ्यानं म्हणालो, "अगं, पोर आहे ती! हात सोड तिचा. सोबतच पाहिजे तर मी बसलोय ना इथं!" रिकाम्या घरात, भर दुपारी. चित्र होतं तसंच राहिलं.

चिऊ आज बरी आहे, शाळेत जाते. डॉक्टर सांगतात सलाइननं उतार पडला, पडलाही असेल. अनघानं नंतर ऑफिसच्या लोकांना ते पान दाखवलं. ते म्हणाले, वर काही लिहिलेलं नसेल तर चौकटीत काही येऊच शकत नाही. मग आलं कुठून? त्यांना माहीत नाही. मलाही नाही.

पण त्या दिवशी कपडे पोचवून मी रात्री घरी परतलो, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी, चिऊचं काहीच कळलं नव्हतं तेव्हा, मी जे केलं ते घरात अजून सांगितलेलं नाही. हिचा रांगोळीचा डबा काढला. गुडघे वाकत नाहीत, तसाच भिंतीला धरून दाराबाहेर बसलो. समोरच्या बाई दूध घेऊन वर येत होत्या. म्हणाल्या, "अंकलजी, आपके यहाँ तो अभी साल भर..."

"हाँ," म्हटलं. "पता है."

आयुष्यात पहिल्यांदा चिमूट धरली. रेघ वाकडी आली. बारकी पावलं काढली, जिन्याकडून घरात येणारी, पार दाराच्या आतपर्यंत. मग हिची काढायला घेतली. हात थांबला माझा. आत काढावी असं किती वाटलं, ते माझं मला माहीत.

हिची बाहेर काढली. एकटीची.

मग कुठल्याच पावलावर पाय पडू न देता कडेकडेनं उतरलो, आणि दवाखान्याची बस धरली.