पासवर्ड देवालाही सांगायचा नाही

"आधी वाचा. मोठ्यानं. मग सही."

असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवायचे, चार पानी कागद एका बोटानं पुढे सरकवायचे आणि खुर्चीत रेलून डोळे मिटायचे. मग आपण वाचायला लागायचं. "विश्वविद्यालय के कंप्यूटर एवं नेटवर्क के उपयोग के नियम. नियम एक..." असे सत्तावीस नियम वाचून झाले की पासवर्ड मिळायचा. मधला एखादा चलाखीनं गाळला, तर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचे, "चौदावा राहिला, मॅडम."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा नग असेलच. आमच्या विद्यापीठात तो कंप्युटर सेंटरला होता. नाव कशाला हवंय? सगळे त्यांना 'सेंटरवाले सर' म्हणत, आणि त्यांची पाठ वळली की बरंच काही म्हणत.

मी मूळची सांगलीची. वनस्पतिशास्त्र शिकवायला इंदूरला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी या माणसानं मला ते सत्तावीस नियम वाचायला लावले. सत्यनारायणाची पोथीसुद्धा मी कधी एवढी बसून ऐकलेली नाही. नवव्या नियमाला माझा घसा सुकला. मी मराठीत पुटपुटले, "काय कटकट आहे!" त्यांनी एक डोळा उघडला. "कटकट आहे, बरोबर आहे. पण सगळ्यांनाच आहे. कोणत्या गावच्या तुम्ही?"

इंदूरच्याच कृष्णपुऱ्याकडचं जुनं मराठी घर त्यांचं. पणजोबा संस्थानाच्या दफ्तरात शिक्के सांभाळायचे. सख्ख्या भावालाही त्यांनी शिक्का हातात धरू दिला नाही म्हणे, आणि त्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं होतं. सर हे इतक्या अभिमानानं सांगायचे की भावाची बाजू विचारायची सोयच नव्हती. त्यांची मराठी अर्धी हिंदीत न्हालेली. "रुका जरा", "ऐसा है मॅडम", "माझ्याच्यानं नाही होणार". पहिला महिना मी दात-ओठ खाऊन ऐकलं. दुसऱ्या महिन्यात फोनवर आईला म्हणाले, "रुक गं, कुकर बंद करून येते." आई म्हणाली, "ही कुठली भाषा शिकलीस?"

नेट मंद झालं की सर काय करायचे ठाऊक आहे? तक्रारी, नोटिसा असला प्रकार नाही. सरळ एका बिल्डिंगची तार उपटायची, चहा मागवायचा आणि दाराकडे बघत बसायचं. कोणी तरी पिक्चर उतरवत असणार, म्हणून नेट अडकलं, हा त्यांचा हिशेब. "जो सगळ्यात आधी ओरडत येतो, तो चोर," असं त्यांचं शास्त्र. आणि सांगते, दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. फिजिक्सचे एक ज्येष्ठ प्राध्यापक धापा टाकत आले की सर विचारायचे, "इंटरव्हलपर्यंत झाला का?" एकदा मात्र प्रशासनाच्या बिल्डिंगची तार उपटली आणि खुद्द कुलगुरूंचा फोन आला. "नेट क्यों बंद है?" सर शांतपणे म्हणाले, "सर, आप कौन सी पिक्चर देख रहे थे?" त्या उन्हाळ्यात सेंटरला नवा एसी मंजूर झाला नाही. जुना तर आधीच बंद पडलेला. सर पंख्याखाली बनियनवर बसून काम करायचे आणि कुणी आलं की शर्ट चढवायचे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांची फेरी निघायची. आम्ही डबे उघडून बसलेलो असायचो आणि हे रिकाम्या टेबलांवरचे की-बोर्ड उलटे करून बघायचे. पासवर्डांच्या चिठ्ठ्या शोधायला. कॅलेंडरच्या मागे, पेनस्टँडच्या तळाला, काचेखाली. परीक्षा विभागातल्या बाईंनी तर चिठ्ठी टेबलावरच्या गणपतीच्या पाठीला चिकटवली होती. सरांनी गणपतीला हात जोडले, "माफी असावी देवा" म्हणाले आणि चिठ्ठी सोलून काढली. बाई म्हणाल्या, "भगवान के पास तो रखी थी!" तेव्हाच ते म्हणाले, "पासवर्ड देवालाही सांगायचा नाही. त्यालाही कोणी तरी विचारतं."

स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करायचो आम्ही. सगळ्यात छान मी करायची, खोटं कशाला बोलू. चष्मा कपाळावर, डोळे बंद, "चौदावा राहिला, मॅडम." लोक हसून हसून पोट धरायचे. विभागप्रमुखांना तर ही नक्कल इतकी आवडायची की पाहुणे आले की ते मला मुद्दाम करायला लावत.

आता तो चौदावा नियम काय होता ते सांगते. आपला पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही आणि दिलाच, तर त्या पासवर्डनं जे काही होईल त्याला जबाबदार आपण. बस, एवढाच.

आमच्या विभागाची रीत अशी होती की पोर्टलचं सगळं काम नव्या माणसाच्या गळ्यात. मुलांची हजेरी, अंतर्गत परीक्षेचे गुण, सगळे कागदावर लिहून देणार आणि नवी सून बसून टाइप करणार. ती नवी सून मी. एक सत्र मी हे केलं. दुसऱ्या सत्रात माझं डोकं फिरलं. विभागातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं मार्करनं मोठ्या अक्षरात माझा पासवर्ड लिहिला आणि जाहीर केलं, "ज्याचं त्यानं भरा." सगळे खूश. विभागप्रमुख म्हणाले, "वा मॅडम, अब आप इंदौरी हो गईं!" मलाही बाई फार शहाणं झाल्यासारखं वाटलं.

मार्चमध्ये माझी नोकरी कायम व्हायची होती. दोन वर्षांचा उमेदवारीचा काळ संपत आलेला, फाइल वर गेलेली. आणि फेब्रुवारीत एका मुलीनं तक्रार केली. तिच्या वर्गातल्या एका मुलाचे अंतर्गत गुण अकरा होते, ते एकाएकी एकोणीस झाले. यादी काढली तर बदल माझ्या नावानं झालेला. मला नोटीस आली. गुणांत फेरफार! कायम होणं राहिलं बाजूला, सरळ घरी जायची पाळी. सांगलीला बाबांच्या औषधांचा सगळा भार माझ्यावर.

मी सेंटरला धावले आणि रडत रडत सगळं सांगितलं, कपाटावरच्या पासवर्डासकट. सरांनी आधी पाणी दिलं. मग मशीनमधली नोंद काढली. कोणत्या कंप्युटरवरून, कोणाच्या नावानं, किती वाजता काय केलं, हे यंत्र आपोआप लिहून ठेवतं. त्याला लॉग म्हणतात. त्यांनी तो छापला आणि चष्मा खाली ओढून नीट वाचला. नाव माझं होतं, पण कंप्युटर विभागप्रमुखांच्या खोलीतला होता. आणि त्या वेळी मी तिसऱ्या मजल्यावर प्रॅक्टिकलला होते, हजेरीत माझी सही होती. तो मुलगा विभागप्रमुखांचा भाचा. आता यात समजायचं काय उरलं?

"तुम्ही नाही केलं. मी लिहून देतो," सर म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. पण ते पुढे बोलले, "आणि पासवर्ड तुम्ही कपाटावर लिहिला होता, हेही लिहीन."

"सर, तेवढं गाळा ना! माझी नोकरी आहे ही!"

"ऐसा है मॅडम, एक गाळलं तर दुसरं कोण मानेल? तुम्हाला ताकीद मिळेल, कदाचित सहा महिने थांबायला लागेल. पण चोर तर नाही म्हणणार कोणी."

मला इतका राग आला त्यांचा! सहा महिने म्हणे. यांच्या बापाचं काय जातंय? मनात म्हटलं, हा माणूस सत्तावीस नियम कवटाळून सरणावर जाणार.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. दार लावलं, समोर कचोरीची प्लेट ठेवली. त्यांचं बोलणं तुपासारखं. "देखिए मॅडम, ना आपकी गलती, ना किसी और की. मशीन है, पुरानी है, गड़बड़ हो जाती है." एक पान टाइप करून तयार होतं. सेंटरच्या नोंदी पूर्वीही चुकलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यावर विसंबता येणार नाही, अशा अर्थाचं. खाली माझं नाव. सही केली तर ताकीद नाही, थांबणं नाही, मार्चमध्ये नोकरी पक्की. मी बाबांचा विचार केला, असं मी स्वतःला सांगत आले आहे. खरं म्हणजे मी फक्त माझाच विचार केला. सही केली. कचोरीही खाल्ली.

चौकशी समितीनं सरांचा लॉग बाजूला ठेवून निकाल दिला: तांत्रिक बिघाड. गुण परत अकरा केले, कुणाचाच दोष नाही. मार्चमध्ये माझं कायम झाल्याचं पत्र आलं. आणि नोंदी नीट न ठेवल्याबद्दल सेंटर सरांकडून काढून एका खासगी कंपनीकडे दिलं. सरांची बदली महूच्या अभ्यासकेंद्रात झाली. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं आणि तिथे कंप्युटर किती, तर तीन. त्यातला एक चालू.

ते सामान आवरत होते तेव्हा मी गेले. न जाऊन भागणार नव्हतं. ते तारा गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, "झाली ना नोकरी पक्की? छान झालं."

"सर, मी..."

"सही केली ते बरोबर नाही केलं तुम्ही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, चेहराही वाकडा केला नाही. "तोंडावर सांगून राहिलो, म्हणजे विषय संपला. बसा, तुमचा पासवर्ड बदलून देतो. तो कपाटावरचा अजून चालू आहे."

त्यांनी पासवर्ड बदलून दिला. मी उठले, जिना उतरले आणि खालच्या नळावर तोंड धुतलं. मला लाज वाटली. आजही वाटते, आणि ती कमी होत नाही.

महू काही लांब नाही. तासाभरात बस पोचते. मी एकदाही गेले नाही. आज जाऊ, दिवाळीनंतर जाऊ, पेपर तपासून झाले की जाऊ. ते रोज बसनं जातात, तिथल्या पोरांना नियम वाचायला लावतात, असं कानावर यायचं आणि स्टाफरूममध्ये हशा व्हायचा. नक्कल करा म्हणून लोक मागे लागायचे. मी घसा दुखतोय म्हणायची.

निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत ते गेले. मी सांगलीला होते, परत आल्यावर कळलं. पंधरा-वीस दिवस उलटून गेले होते. शेवटी एका रविवारी सकाळी धीर करून त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला, काकूंना, मी कधी भेटले नव्हते. वाटलं होतं, नाव सांगितलं की दार लावून घेतील. लावायलाच हवं होतं.

"मी विद्यापीठातली. वनस्पतिशास्त्राची," मी म्हणाले.

"सांगलीच्या मॅडम?" काकूंनी माझा हातच धरला. "या, आत या ना! मी किती वेळा ह्यांना म्हटलं, एकदा घरी आणा त्यांना." मला बसवलं आणि आतल्या खोलीकडे हाक मारली, "अगं, बाहेर ये. त्या मॅडम आल्यात, बाबांसाठी लिहून देणाऱ्या."

मला काही कळेना. काकू पदरानं डोळे पुसत सांगू लागल्या, "सगळं विद्यापीठ उलटलं हो ह्यांच्यावर. ह्यांच्या हातून चूक झाली म्हणे! मी रात्रंदिवस रडायची, की अख्ख्या इंदूरमध्ये कोणी एक शब्द बोललं नाही का? तर हे म्हणाले, सांगलीच्या मॅडम बोलल्या. एकट्या. लिहून दिलं त्यांनी, की सेंटरचा लॉग बरोबर आहे. तेव्हा कुठे माझ्या जिवाला बरं वाटलं. तुमचे फार उपकार आहेत."

कुलगुरूंसमोर जो माणूस अर्ध्या शब्दानं खोटं बोलला नाही, तो घरी येऊन बायकोशी खोटं बोलला होता. तिनं रडू नये म्हणून, आणि माझं नाव तिच्या तोंडी वाईट होऊ नये म्हणून. तोंडावर मला जे सांगितलं, ते त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्यांची मुलगी बाहेर आली आणि काही कळायच्या आत माझ्या पायाशी वाकली.

तेव्हा सांगायचं होतं. काकू, मी तसं लिहिलं नाही, बरोबर उलटं लिहिलं, हे एवढं एक वाक्य. जिभेवर आलं होतं. तुम्हाला आज सांगतेय, त्यांना अजून सांगितलेलं नाही. काकूंनी पोह्यांची बशी पुढे केली, वर शेव घातली. "संकोच करू नका, खा," म्हणाल्या. मी मान खाली घालून सगळे पोहे संपवले.