पाहुण्यापुरतं छप्पर

नावं घेण्याची मला सवय नाही. नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, आणि पुढे एका सरकारी कारकुनानं विचारलं तेव्हा शेजारणीकडून वदवून घेतलं. म्हणून इथेही कुणाचं नाव येणार नाही. आमचे हे आमदार होते, एवढं सांगितलं की पुरे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर ज्या निवडणुका झाल्या त्यांत हे निवडून आले आणि मुंबईला विधिमंडळात जाऊन विरोधी बाकावर बसले.

विरोधी बाक म्हणजे काय, ते मला कर्जतच्या बाजारात कळलं. सत्तेवरच्या आमदाराची बायको दुकानात आली की वाणी गादी झटकून देई. मला म्हणायचा, "वहिनी, दादांना सांगा, तेवढं भावाचं बघा." जसे काही तांदळाचे भाव मी घरी फडताळात कुलूप लावून ठेवले होते! मी एकदा त्याला म्हटलं, "भाव तुम्ही वाढवायचे आणि आमच्या ह्यांनी खाली आणायचे, ही वाटणी कुणी केली?" त्यानंतर त्यानं माप जरा बरं द्यायला सुरुवात केली.

आमचं गाव चौक नावाच्या गावापासून जवळ. तिथून वर डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती. वाडीतली घरं कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली, वर गवताचं छप्पर. दर उन्हाळ्यात ते छप्पर शाकारायचं, म्हणजे कुजलेलं गवत काढून नवं घालायचं. पूर्वी गवताला तोटा नव्हता. पण लढाईच्या वर्षांत डोंगरावरच्या सरकारी गवताचे लिलाव सुरू झाले. ठेकेदार दिवाळीनंतर सगळं कापून नेई, कर्जत स्टेशनाजवळ त्याच्या मोठमोठ्या गंजी लागत, आणि तिथून गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. "म्हशींना गवत आणि माणसांना आभाळ," असं हे सभेत म्हणत आणि टाळ्या पडत. मला वाक्य नाटकी वाटायचं, पण खोटं नव्हतं. त्यातच स्वराज्य आलं, पाठोपाठ धान्याकापडाच्या भावांवरचा सरकारी कंट्रोल उठला, आणि तांदूळ, कापड, रॉकेल सगळंच भडकलं. गवताची पेंढीसुद्धा मागे राहिली नाही. लोक छपरावर मागच्या वर्षीचंच गवत उलटसुलट करून घालू लागले.

एके दिवशी वाडीतली एक बाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. सगळी वाडी तिला काकी म्हणायची, म्हणून आम्हीही काकी म्हणायचो. नवरा नव्हता, एकच लेक, ती खालापूरकडे दिलेली. काकीनं ह्यांना बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"दादा, लेकीला दिस गेल्यात. पयलं बाळंतपण हाय, मायेरीच करायचं. पन आनू कशी? रातीला निजलं की वर चांदण्या दिसतात. आता पावसाच्या तोंडावर पोर मोकळी होनार. ओल्या बाळंतिणीला घिऊन मी कुठं बसू?"

"सासरचे काय म्हणतात?" मी विचारलं.

"विहीनबाय म्हन्ली, घर नीट असंल तर धाडते, नायतर हितंच करू. वयनी, लेकीचं पयलं बाळंतपण सासरी झालं तर मी तोंड कुठं दावू?"

ह्यांनी तिला पैसे देऊ केले. तिनं घेतले नाहीत. "आज माझं शाकाराल. बाकीच्यांचं कोन शाकारंल?" असं म्हणून ती उठली. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

पुढच्या बैठकीत ह्यांनी तो प्रश्न सभागृहात मांडला. गवत म्हटल्याबरोबर शहरातले सभासद हसले. कुणीतरी विचारलं, सन्माननीय सभासदांची गुरं किती? आमच्या ह्यांचा स्वभाव तापट. हे म्हणाले, "गुरं नाहीत, माणसं आहेत. नामदारांनी स्वतः येऊन त्या छपराखाली बसावं. ऊन डोक्यावर पडलं नाही तर मी सगळ्या सभागृहाची माफी मागेन." खात्याचे नामदार, म्हणजे मंत्री, शांत गृहस्थ. ते उठून म्हणाले, "येतो. आणि तुम्ही म्हणता तसं दिसलं, तर पावसाच्या आत गवत देण्याचा हुकूम मी देईन."

घरी आल्यावर हे मोठ्या खुशीत होते. मी म्हटलं, "माफीचं कशाला बोललात?" तर म्हणाले, "अगं, उघडं छप्पर काय पळून जाणार आहे?"

लगेच वाडीवर जाऊन ह्यांनी सगळ्यांना बजावलं. काही करायचं नाही. जसं आहे तसं राहू द्या. नामदारांना तेच दाखवायचं आहे. सगळ्यांनी मान डोलावली. "व्हय दादा, व्हय दादा." नामदार घरी येणार म्हटल्यावर विहीणबाई काकीच्या लेकीला त्याच दिवशी स्वतः पोचवायला येणार होत्या. हे खुशीत परतले.

नामदार आले ते वैशाखातल्या भर दुपारी. मोटार चौकपर्यंत डांबरी रस्त्यानं आली, पुढे बैलगाडीच्या वाटेनं धक्के खात वाडीच्या खालच्या ओहोळाशी थांबली. तिथून चढून आम्ही काकीच्या घराशी पोचलो आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

छप्पर सोन्यासारखं पिवळं झालं होतं. हातभर जाडीचं, कडेला एकसारखं कापलेलं. अंगण सारवलेलं, त्यावर रांगोळी. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. आत पाट, पाटाभोवती फुलं. चुलीवर तांदूळ शिजल्याचा वास. वाडीतली सगळी माणसं धुतलेले कपडे घालून उभी, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की जणू लग्नच आहे. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

नामदार पाटावर बसले. काकीनं भात वाढला, वर वालाचं बिरडं, वर तूप. नामदारांनी आवडीनं खाल्लं. वर बघितलं, कूड बघितला, पाणी प्याले आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "आमदारसाहेब, इतकं गार घर माझं मुंबईतही नाही."

"हे गवत उसनं आहे," हे म्हणाले. "वरची घरं बघायला चला."

नामदारांच्या बरोबरचा अधिकारी हसला. नामदारांनी काकीलाच विचारलं, "बाई, छप्पर तुमचंच ना?"

काकीनं एकदा लेकीकडे पाहिलं. लेकीशेजारी विहीणबाई उभ्या होत्या. काकी म्हणाली, "आमचंच हाय, सायेब."

नामदारांनी घड्याळ बघितलं, काकीला हात जोडले, आणि माफीविषयी एक शब्दही न बोलता निघून गेले. तो न बोललेला शब्दच ह्यांना जास्त लागला. हे ओट्याच्या कडेला डोकं धरून बसले.

मी मात्र काकीवर कडाडले. "काय केलंत हे? ह्यांनी सांगितलं होतं ना, काही करू नका म्हणून?"

काकी माझ्याकडे बघतच राहिली. तिला खरोखर कळलं नव्हतं. "वयनी, दादांचा पावना. आमी त्याला उघड्या छपराखाली बसवायचा? नाचनीची भाकर वाढायची? दादांचं नाक नाय कापलं जानार?" शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "दादा म्हनले काय करू नका. ते मोठ्या मनानं म्हनले. आमाला रीत कळाया नगो?"

सगळ्या वाडीनं आपापल्या छपरावरचं, होतं नव्हतं ते बरं गवत काढून काकीच्या घरावर घातलं होतं. तांदूळ घरटी ओंजळ-ओंजळ गोळा केला होता. आणि हे सगळं आमच्या ह्यांच्या इभ्रतीसाठी! मी पुढे बोलणार होते, पण हे हसायला लागले. आधी खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाले, "काकी, तुम्ही मला पुरता बुडवलात. पण बिरडं झकास होतं."

वाडीत एक रीत होती. उसनं आणलेलं दिवेलागणीच्या आत ज्याचं त्याच्या घरी पोचलं पाहिजे. आणि त्या दिवशी तर घाईच होती, कारण डोंगरावर वळवाचे ढग जमायला लागले होते आणि वरची सगळी घरं उघडी पडली होती. पोरं छपरावर चढली. वरून पेंढ्या खाली येऊ लागल्या. प्रत्येक घराची पेंढी बांधायची पद्धत वेगळी. कुणाची गाठ डावीकडे, कुणाचा पीळ दुहेरी. बायका गाठ बघून आपापली पेंढी उचलत आणि डोक्यावर घेऊन चढणीला लागत. भांडण नाही की गलका नाही.

छप्पर निम्मं उतरलं असेल, तेवढ्यात खालून ड्रायव्हर पितळी कळशी घेऊन वर येताना दिसला. मोटार ओहोळाच्या चढावर तापून बंद पडली होती, तिला पाणी हवं होतं आणि ओहोळ तर आटलेला. आणि त्याच्या मागोमाग, उन्हात उभं राहायचा कंटाळा आला म्हणून, धोतराचा सोगा धरून स्वतः नामदार.

ते अंगणात येऊन थांबले. वर पोरं थबकली. घराच्या आत सारवलेल्या जमिनीवर काकीची लेक भिंतीला पाठ टेकून बसली होती, पोटावर हात ठेवून. तिच्या अंगावर ऊन पडलं होतं.

"हे काय चाललंय?" नामदारांनी विचारलं.

काकी घाबरली. "शाकारनी चाललीय, सायेब," ती म्हणाली. गवत काढून नेताना शाकारणी कुठली! कुणी हसलं नाही.

काकीला सगळ्यांदेखत खोटं पाडणं ह्यांना जमेना. सभागृह गाजवणारा माणूस नुसता उभा. मग मीच पुढे झाले. पुरुषांच्यात बोलायची रीत नव्हती, पण मला त्या दिवशी रीतींचा पुरेपूर कंटाळा आला होता.

"साहेब, ते छप्पर तुमच्या मानापुरतं होतं. आता ज्याचं त्याच्या घरी चाललंय. ह्यांनी सांगितलं होतं काही करू नका, पण पाहुण्याला उघड्यावर बसवणं ह्या लोकांना जमलं नाही. तुम्ही जो भात खाल्लात तोही सगळ्या वाडीचा होता. ही पोर पहिलटकरीण आहे. महिन्याभरात मोकळी होईल. ती कुठल्या छपराखाली होईल, ते तुम्ही सांगा."

नामदार पायांतले जोडे काढून आत गेले आणि मघाशी बसले होते त्याच जागी उभं राहून वर बघितलं. मग बाहेर येऊन ह्यांना म्हणाले, "चला, वरची घरं दाखवा." अधिकारी म्हणाला, उशीर होतोय. नामदार म्हणाले, "मोटार गार व्हायचीच आहे." ते आणि हे दोघं चढण चढून गेले. प्रत्येक घरात वाकून आत शिरले, प्रत्येक घरातून वर आभाळ बघितलं. मी खाली काकीजवळ बसले. ती सारखी म्हणत होती, "अब्रू गेली, वयनी, अब्रू गेली." विहीणबाई तिच्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "आमचंबी छप्पर तसंच हाय, बाय. मी कुठं बोलले?"

हे ऐकून काकी रडायची थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग लेकच फिसकन हसली. तिच्या हसण्यानं मला किती बरं वाटलं, ते आजही सांगता यायचं नाही.

नामदार दिलेल्या शब्दाला जागले. हुकूम निघाला की ठेकेदाराच्या गंजीतून पायथ्याच्या वाड्यांना छपरापुरतं गवत फुकट द्यायचं, आणि पुढच्या वर्षीपासून लिलावाआधी घरटी आपल्या छपराचं गवत आणि कारवी कापू द्यायची. कर्जतहून गाड्या भरून गवत आलं. ठेकेदारानं तळतळाट केला. आमच्या ह्यांनी सभागृहात उठून नामदारांचे आभार मानले, आणि त्याच दमात तांदळाच्या भावावरून त्यांना असं फैलावर घेतलं की त्यांच्या पक्षाचे लोक म्हणाले, हा माणूस कृतघ्न आहे. नामदार म्हणे नुसते हसले.

काकीच्या लेकीला मुलगी झाली. त्या वेळी बाहेर पाऊस मुसळधार कोसळत होता आणि खोलीत खालची जमीन कोरडी खणखणीत होती. मी बाळंतविडा घेऊन गेले तेव्हा काकीनं आधी मला नात दाखवली नाही, हात धरून वर छप्पर दाखवलं.

भाव काही खाली आले नाहीत. त्याच वर्षी कापड इतकं महागलं की कर्जतला मामलेदारांनी चौकशी ठेवली आणि लोकांनी येऊन सांगावं म्हणून दवंडी पिटवली. हे बोलायला जाणार होते, मीही बरोबर निघाले. कचेरीत बघतो तर काकी, आणि तिच्यामागे वाडीतल्या बायका. तालुक्याच्या गावाला येताना बाई ठेवणीतलं लुगडं नेसते, नसलं तर शेजारणीचं आणते. ह्या सगळ्या ठिगळाची लुगडी नेसून आल्या होत्या, आणि पदर नीट पसरून धरला होता, ठिगळं दिसतील असा.

मामलेदार ह्यांना बघून म्हणाले, "बाई, तुम्ही बाजूला बसा. आमदारसाहेब बोलतील तुमच्या वतीनं."

"दादा मुंबईला बोलतात," काकी म्हणाली. "हितं आमचं आमी सांगतो. लिवून घ्या, सायेब."

मामलेदारांनी शिपायाकडून तिच्यासाठी खुर्ची आणवली. ती काही बसली नाही. उभ्याउभ्याच सांगायला लागली.